अफगाणिस्तानचा निमरूझ प्रांत नेमका कसा आहे, त्याचा इतिहास काय, आणि भारताने तिथे रस्ता का बांधला?

निमरूझ हा अफगाणिस्तानच्या नैर्ऋत्य टोकाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेस इराणचा सिस्तान-बलुचिस्तान प्रांत आहे आणि दक्षिणेस पाकिस्तानातील बलुचिस्तानचा चागई भाग, जो १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे आपल्याकडे नावाने तरी परिचित आहे. पूर्वेस हेलमंद आणि उत्तरेस फराह हे अफगाण प्रांत येतात. क्षेत्रफळ सुमारे ४१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षा थोडे अधिक. वस्ती मात्र अत्यंत विरळ. राजधानी झरंज ही इराणच्या सीमेला अगदी चिकटून आहे. नकाशावर नुसते वाळवंट दिसणाऱ्या या प्रदेशाला इतके महत्त्व का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, आणि पाणीतंट्यांचे कागद वाचण्याच्या सवयीतून मी हेलमंद नदीच्या करारापर्यंत पोचलो. त्यामुळे या उत्तरात पाण्याला झुकते माप मिळणार, हे आपण गृहीत धरावे. तरीही माझे मत असे आहे की निमरूझला आधी वाळवंट म्हणून नव्हे, तर एका मोठ्या नदीचा शेवट म्हणून पाहिले, तर तिथला इतिहास, सीमा आणि आजची भांडणे या तिन्हींचा उलगडा होतो.

झरंजच्या आसपास वर्षाला जेमतेम ५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बाष्पीभवनाची क्षमता ३,००० मिलिमीटरहून अधिक आहे. अशा ठिकाणी पावसावर काहीही पिकू शकत नाही. जे काही पिकते ते हेलमंद नदीवर. ही नदी काबूलच्या पश्चिमेला कोह-ए-बाबा पर्वतातील बर्फातून निघते, सुमारे १,१५० किलोमीटर वाहते, वाटेत अर्गंदाब नदीला पोटात घेते आणि दश्त-ए-मार्गो व रेगिस्तान या दोन वाळवंटांच्या मधून निमरूझमध्ये शिरते. चार बुर्जक जिल्ह्यात कमालखान नावाच्या ठिकाणी ती एकाएकी उत्तरेकडे वळते, पुढे काही अंतर इराणशी असलेली सीमा होते, आणि शेवटी फाटे फुटून हामून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उथळ सरोवरांत पसरते. समुद्राला ती कधीच मिळत नाही. उत्तरेकडून येणाऱ्या फराह रूद आणि खाश रूद या नद्यांची गतही तीच होते.

या हामूनांचे एक वैशिष्ट्य मला फार विलक्षण वाटते. ज्या सरोवराला समुद्राकडे वाट नसते ते सहसा खारे होते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हामूनचे पाणी मात्र भरलेल्या वर्षी गोडे असे, आणि त्यात मासे, बोरू व लव्हाळे आणि हजारो स्थलांतरित पक्षी असत. याचे कारण दक्षिणेला आहे. मोठा पूर आला की हामून तुडुंब भरून त्यांचे जादा पाणी शेला नावाच्या प्रवाहातून निमरूझच्या दक्षिण भागातील गौद-ए-झिरेह या खोलगट जागी उतरे, आणि साठलेले क्षार आपल्याबरोबर तिकडे वाहून नेई. म्हणजे खारटपणा टाकण्यासाठी निसर्गानेच एक वेगळा खड्डा राखून ठेवला होता. हामूनच्या काठी बोरूच्या होड्यांतून मासेमारी व पक्ष्यांची शिकार करणारा सय्याद नावाचा समाज राहत असे, आणि बोरूच्या चराईवर गुरे पोसणारे गवळी वेगळे असत. १९९८ पासून सुरू झालेल्या अनेक वर्षांच्या दुष्काळात हामून कोरडे पडले, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे हे जीवन जवळजवळ मोडून गेले.

कोरड्या हामूनचा दुसरा परिणाम वाऱ्यामुळे होतो. या प्रदेशात मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत उत्तर-वायव्येकडून सतत वारा वाहतो. लोक त्याला एकशेवीस दिवसांचा वारा म्हणतात, आणि त्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे जातात. सरोवरात पाणी असते तेव्हा हाच वारा उन्हाळा थोडा सुसह्य करतो. तळ उघडा पडला की तो तिथला वाळलेला गाळ उचलतो, आणि झरंज व इराणमधील झाबोल ही दोन्ही शहरे धुळीखाली जातात. एकेकाळी माणसांनी या वाऱ्याचाही उपयोग करून घेतला होता. दहाव्या शतकातील अरबी लेखकांनी सिस्तानातील, म्हणजे याच प्रदेशातील, पवनचक्क्यांची नोंद केली आहे. या भागातील जुन्या चक्क्यांचा आस उभा असे, आणि त्यांवर धान्य दळले जाई. वारा एकाच दिशेने येत असल्याने पाती फिरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता.

इतिहासाकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, की निमरूझ आणि पलीकडचा इराणी सिस्तान हे १८७२ पर्यंत एकच होते. सीमेच्या इराणी बाजूला शहर-ए-सोख्ता हे कांस्ययुगीन नगर आहे, जे इ. स. पूर्व ३२०० ते १८०० या काळात नांदले आणि नदीचे पात्र सरकल्यावर ओस पडले. पुढे इराणच्या प्राचीन अखमनी साम्राज्यात हा प्रदेश झरंका म्हणून येतो, आणि इ. स. पूर्व ३३० मध्ये अलेक्झांडर येथून गेला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात मध्य आशियातून आलेले शक इथे स्थिरावले, आणि तेव्हापासून प्रदेशाला शकस्तान, पुढे सिस्तान, हे नाव मिळाले. मराठी वाचकासाठी हा धागा परका नाही. याच शकांच्या काही शाखा पुढे सिंध, सौराष्ट्रमार्गे पश्चिम भारतात उतरल्या, असे अभ्यासक मानतात. नाशिकच्या लेण्यांत दाने कोरून ठेवणारा उषवदात स्वतःला शक म्हणवतो, आणि त्याचा सासरा नहपान याचा पाडाव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. आपल्या पंचांगातील शकाशी या लोकांचा संबंध नेमका कसा जोडावा हा स्वतंत्र विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

झरंजचा खरा वैभवकाळ नवव्या शतकातला. याकूब बिन लैस हा झरंजजवळच्या गावातला तांबट. तो प्रथम स्थानिक सशस्त्र टोळ्यांत सामील झाला आणि इ. स. ८६१ मध्ये सिस्तानचा सत्ताधीश झाला. त्याच्या मूळ धंद्यावरून त्याच्या घराण्याला सफ्फारी म्हणतात. त्याने काबूल घेतले, ८७३ मध्ये निशापूर घेऊन खुरासानची ताहिरी सत्ता संपवली, आणि ८७६ मध्ये थेट बगदादच्या खलिफावर चालून गेला. तिथे मात्र त्याचा पराभव झाला, आणि ८७९ मध्ये तो मरण पावला. सिस्तानच्या जुन्या इतिवृत्तात अशी नोंद आहे की विजयानंतर दरबारात अरबीतून स्तुतिकाव्य म्हटले गेले, तेव्हा जे मला समजत नाही ते कशाला म्हणायचे, असे याकूबने विचारले, आणि त्याच्या चिटणिसाने फार्सीत कविता रचली. नव्या फार्सी काव्याची सुरुवात नेमकी या प्रसंगातून झाली की नाही याबद्दल विद्वानांत दुमत असू शकेल, पण एका वाळवंटी सीमाप्रांतातील तांबटाच्या दरबारात ती चर्चा झाली, याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ९०० मध्ये त्याच्या भावाला, अम्रला, मध्य आशियातील सामानी घराण्याने बाल्खजवळ पकडले आणि घराण्याचे साम्राज्य आटले. मात्र सिस्तानात स्थानिक राजे, गझनवी, सेल्जुक, मंगोल अशा सगळ्यांच्या छायेखाली, तग धरून राहिले.

मग तैमूर येतो. तरुणपणी, १३६० च्या दशकात, भाडोत्री सैनिक म्हणून लढताना तो सिस्तानातच जखमी झाला आणि त्याचा पाय अधू झाला, असे परंपरा सांगते. १३८३ मध्ये तो विजेता म्हणून परत आला आणि त्याने राजधानी उद्ध्वस्त केली. त्याचा मुलगा शाहरुख याने १४०८ मध्ये हेलमंदवरील बंधारे फोडले. तेव्हापासून सिस्तानचे वाळवंट झाले, असे बहुतेक लिखाणांत वाचायला मिळते. हा निष्कर्ष मला फार सरळसोट वाटतो, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. या नदीवरील पारंपरिक बंधारे पक्क्या दगडी बांधकामाचे नसत. झाऊच्या फांद्यांच्या मोळ्या आणि माती यांचे ते असत, आणि पुरात वाहून गेले की गावकरी सामुदायिक श्रमाने, ज्याला तिथे हशर म्हणतात, ते पुन्हा बांधत. म्हणजे बंधारा फुटणे ही या खोऱ्यातली नेहमीची घटना होती. खरा घाला बसला तो माणसांवर. जिथे कालव्यातील गाळ आणि वाऱ्याने भरणारी वाळू दरवर्षी उपसावी लागते, तिथे काही वर्षे पुरेसे हात मिळाले नाहीत की कालवा कायमचा बुजतो, आणि त्यातच नदीने पात्र बदलले तर मुखही निकामी होते. झरंजच्या पूर्वेला सार-ओ-तार नावाचा भाग आहे, जिथे किल्ले, घरे आणि कालव्यांचे अवशेष सरकत्या टेकड्यांखाली मैलोन् मैल पसरलेले आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकी आणि अफगाण संशोधकांनी तिथे पाहणी केली होती.

आता सीमेविषयी. एकोणिसाव्या शतकात इराण आणि अफगाण अमीर दोघेही सिस्तानवर हक्क सांगत होते, आणि रशिया हिंदुस्थानकडे सरकेल या धास्तीने ब्रिटिशांना हा वाद मिटायला हवा होता. १८७२ मध्ये गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने लवाद म्हणून प्रदेशाचे दोन भाग केले, आणि हेलमंदचे मुख्य पात्र ही सीमा ठरवली. त्रिभुज प्रदेशातील नदीला सीमा करणे म्हणजे पुढच्या भांडणाची तरतूद करून ठेवणे होय. घडलेही तसेच, १८९६ मध्ये नदीने नवे पात्र धरले आणि सीमा कोणती हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९०३ ते १९०५ या काळात हेन्री मॅकमहोन मोठा लवाजमा घेऊन तिथे गेला. ज्याच्या नावाची रेषा पुढे १९१४ मध्ये आपल्या ईशान्य सीमेवर आली, तोच हा मॅकमहोन. त्याने हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याच्या लोकांकडून मोजणी करून घेतली, सीमेवर खांब रोवले आणि कमालखानपाशी येणाऱ्या पाण्यापैकी एक तृतीयांश इराणला द्यावे असा निवाडा दिला. जमिनीची सीमा टिकली, पाण्याचा निवाडा इराणने नाकारला.

त्यानंतरच्या वाटाघाटींचा शेवट मार्च १९७३ च्या करारात झाला, ज्यावर अफगाण पंतप्रधान मूसा शफीक आणि इराणचे पंतप्रधान अमीर अब्बास होवेदा यांच्या सह्या आहेत. सर्वसाधारण वर्षात इराणला सेकंदाला २२ घनमीटर आणि सद्भावना म्हणून आणखी ४, असे एकूण २६ घनमीटर पाणी, महिनावार ठरवून, द्यायचे. वर्षाचा हिशेब केला तर ते सुमारे ८२० दशलक्ष घनमीटर, म्हणजे २९ टीएमसी होते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा जवळपास एवढाच आहे, यावरून एका देशाच्या सीमाप्रांतासाठी हे पाणी किती तुटपुंजे आहे ते कळेल. वर्ष सर्वसाधारण आहे की तुटीचे, हे काजकी धरणाच्या वर, देहरावुद येथील मोजणीवरून ठरवायचे आणि तुटीच्या वर्षी वाटा त्या प्रमाणात घटवायचा, अशीही तरतूद आहे. मसुदा म्हणून मला हा करार चांगला वाटतो. आपल्याकडील कित्येक निवाड्यांत तुटीच्या वर्षाचे काय करायचे याबाबत इतकी स्पष्टता नसते. त्याची उणीव वेगळी आहे. त्यात शेतीच्या आणि माणसांच्या पाण्याचा विचार आहे, पण हामून सरोवरासाठी वेगळा वाटा नाही. १९७३ मध्ये पुराचे पाणी तसेही खाली येणारच, असे सर्वांनी धरून चालले होते.

ते गृहीतक मार्च २०२१ मध्ये कोसळले. तेव्हाचे अफगाण राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी निमरूझमध्ये कमालखान धरणाचे उद्घाटन केले, आणि कराराबाहेरचे जादा पाणी इराणला हवे असेल तर मोबदल्यात तेल द्यावे, अशा आशयाचे विधान केले. धरणाचा साठा केवळ ५२ दशलक्ष घनमीटर आणि वीजनिर्मिती ९ मेगावॉट आहे. साठवणुकीचे धरण म्हणून ते लहानच आहे. पण ते नदी उत्तरेकडे वळते त्याच जागी आहे, आणि तिथून पुराचे पाणी वळवून सरळ गौद-ए-झिरेहच्या खाऱ्या खोलगटात सोडता येते. उपग्रहचित्रांत हे पाणी तिकडे गेलेले दिसले आहे. जे पाणी पूर्वी आधी हामून भरून मग क्षार घेऊन तिथे जात असे, ते आता हामूनला वगळून तिथे जाते आणि वाया जाते. मे २०२३ मध्ये पाण्यावरून तापलेल्या वातावरणात निमरूझच्या सीमेवर तालिबान आणि इराणी रक्षकांत गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. यात एकट्या अफगाणिस्तानला दोष देणे मात्र योग्य नाही, कारण निमरूझ हाही खालच्या टोकालाच आहे. वर काजकी आणि हेलमंद प्रांतातील कालवे आहेत, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या, शेतकऱ्याला जे भोगावे लागते ते निमरूझच्या गावांनाही चुकलेले नाही. झरंजमध्ये भूजल खारे असल्याने पिण्याचे पाणी टँकरने विकत घ्यावे लागते, आणि शहराची वीज इराणमधून येते.

लोकांबद्दल थोडक्यात. बलुचांचे प्रमाण लक्षणीय असलेला हा अफगाण प्रांत आहे. त्यांच्याबरोबर पश्तून, ताजिक आणि ब्राहुई राहतात. ब्राहुई ही द्राविड कुळातील भाषा आहे, हे ऐकून आपल्याकडे अनेकांना आश्चर्य वाटते. प्रशासकीय प्रांत म्हणून हा भाग १९६० च्या दशकात चखनसूर या नावाने वेगळा झाला आणि १९६८ मध्ये त्याला निमरूझ हे जुने नाव मिळाले. शेती आटल्यावर सीमा हाच इथला मुख्य धंदा झाला. डिझेल, अमली पदार्थ आणि त्याहून अधिक माणसे. इराणमध्ये मजुरीला जाऊ पाहणारे अफगाण तरुण झरंजला जमतात, आणि दलाल त्यांना उघड्या पिकअप गाड्यांत दाटीवाटीने बसवून, दक्षिणेच्या वाळवंटातून पाकिस्तानी बलुचिस्तानात व तिथून इराणमध्ये नेतात. समोरच्या सीमेवर इराणने भिंत आणि चर केले असल्याने हा लांबचा वळसा घ्यावा लागतो.

राहिला भारताचा रस्ता. अफगाणिस्तानला समुद्र नाही, आणि पाकिस्तान भारतीय मालाला खुष्कीच्या मार्गाने तिकडे जाऊ देत नाही. दुसरी वाट इराणच्या चाबहार बंदरातून झाहेदान, झाबोल, मिलक असे करत हेलमंदवरील पुलाने झरंजला येते. हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे. झरंजपासून पुढे कंदहार-हेरात महामार्गावरील देलारामपर्यंत धड रस्ता नव्हता. हा सुमारे २१५ किलोमीटरचा तुकडा भारताच्या सीमा रस्ते संघटनेने अंदाजे ६०० कोटी रुपये खर्चून बांधला, आणि जानेवारी २००९ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी तो अफगाणिस्तानच्या स्वाधीन केला. कामाच्या काळात सहा भारतीय आणि शंभराहून अधिक अफगाण लोक हल्ल्यांत मारले गेले. २०१६ मध्ये भारत, इराण आणि अफगाणिस्तान यांनी चाबहारचा त्रिपक्षीय करार केला, २०१७ मध्ये कांडल्याहून निघालेला भारतीय गहू याच वाटेने पोचला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये झरंजहून २३ ट्रकांतून ५७ टन सुकामेवा, गालिचे व इतर माल चाबहारमार्गे भारताकडे निघाला.

६ ऑगस्ट २०२१ रोजी झरंज ही तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी ठरली, आणि तेव्हापासून हा रस्ता म्हणजे भारताने वाया घालवलेला पैसा आहे, असे अधूनमधून लिहिले जाते. मला तसे वाटत नाही. काबूलच्या सत्तेवर कोणीही असले, तरी कराचीवर अवलंबून न राहता समुद्र गाठण्याची त्या देशाची गरज बदलत नाही, आणि मे २०२४ मध्ये भारताने चाबहारमधील शहीद बेहेश्ती टर्मिनल चालवण्याचा दहा वर्षांचा करार केला तो याच हिशेबाने. रस्त्याला खरा धोका सत्ताबदलापेक्षा झरंजच्या पलीकडे, पाण्यावरून बिघडलेल्या इराण-अफगाण संबंधांचा आहे. कारण मिलकचा पूल बंद झाला, तर या २१५ किलोमीटरना पुढे जायला जागाच उरत नाही.